लूर्दची गुंफा आणि ख्रिस्तसभेची सावधगिरी



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत चार शब्द लिहावे अशी आमच्या फादरांची इच्छा दिसली, तेव्हां विषय शोधण्यासाठीं आम्हांस लांब जावें लागलें नाहीं. देवालयाच्या अंगणांत काळ्या दगडांची एक लहानशी गुंफा आहे. तिच्यांत लूर्दच्या माउलीची मूर्ति आहे, पायथ्याशीं गुडघे टेकलेली बर्नादेत आहे, आणि सायंकाळीं तेथें दोनचार मेणबत्त्या तेवत नाहींत असा दिवस विरळा. अशा गुंफा आपल्या मुलुखांत गांवोगांवीं आहेत. ज्यांनीं त्या बांधल्या, त्यांपैकीं बहुतेकांनीं फ्रान्स देश नकाशावर देखील पाहिला नसेल. तरी पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं घडलेली एक गोष्ट त्यांनीं आपल्या अंगणांत आणून ठेविली. ती गोष्ट काय, तिची चौकशी कोणी व कशी केली, आणि आजच्या काळीं चमत्कार या शब्दास ख्रिस्ती श्रद्धेंत कोणतें स्थान आहे, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा विषय घेण्यास दोन माणसें कारण झालीं. एक आपल्याच धर्मग्रामांतील कॉलेजांत शास्त्र शिकणारा तरुण. त्यानें आम्हांस सरळ विचारलें, “या गोष्टी खऱ्या आहेत काय? आणि खऱ्या असल्या, तर आमच्या डोळ्यांपुढें कां घडत नाहींत?” दुसरी एक माता. तिच्या नऊ वर्षांच्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला होता. तिनें इस्पितळाचे खेटे घातले, नोव्हेना केल्या, माउलीपुढें गुडघे झिजविले; परंतु मूल वांचलें नाहीं. तिचा प्रश्न निराळा होता, आणि तो ऐकून आम्ही कांहीं वेळ निरुत्तर झालों. तिच्याकडे आम्ही शेवटीं येऊं. प्रथम इतिहास.

लूर्द हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गाव्ह नदीच्या कांठीं वसलेलें एक लहान गांव होतें. तेथें फ्रान्स्वा सुबिरू नांवाचा एक पिठाच्या गिरणीवाला राहत असे. धंदा बुडाला, कर्ज झालें, आणि १८५८ सालीं हें कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका ओलसर खोलींत दिवस कंठीत होतें. त्याची वडील मुलगी बर्नादेत चौदा वर्षांची. पटकीच्या सांथींतून ती वांचली होती, पण दमा मागें लागला होता. तिला लिहितां वाचतां येत नव्हतें, शुद्ध फ्रेंच भाषाहि येत नव्हती. गांवची बोली तेवढी तिची. ११ फेब्रुवारी १८५८ रोजीं ती आपली बहीण व एक मैत्रीण यांजबरोबर सरपण वेंचावयास मासाब्येल नांवाच्या खडकाजवळ गेली असतां तेथील गुंफेंत तिला एक शुभ्रवस्त्रा स्त्री दिसली. पुढें १६ जुलैपर्यंत एकंदर अठरा वेळां हें दर्शन तिला झालें. २५ फेब्रुवारीस त्या स्त्रीनें तिला झऱ्याचें पाणी पिण्यास सांगितलें. झरा तर कोठेंच दिसेना. मुलीनें हातांनीं माती उकरली, गढूळ पाणी ओंजळींत घेऊन प्याली, तोंड चिखलानें माखलें, आणि जमलेले लोक हिला वेड लागलें म्हणून हंसले. त्याच जागीं पुढें स्वच्छ पाणी वाहूं लागलें, तें आजतागायत वाहत आहे.

आतां या कथेंतील एका भागाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण प्रवचनांत तो बहुधा घाईनें सांगितला जातो. गांवचे धर्मगुरु फादर पेरामाल हे मोठे करारी गृहस्थ होते. मुलगी त्यांच्याकडे निरोप घेऊन आली, तेव्हां त्यांनीं तिला चांगलेंच धमकाविलें आणि सांगितलें कीं, त्या स्त्रीस तिचें नांव विचार. आणि तिचें म्हणणें खरें असेल, तर गुंफेंतील रानगुलाबाच्या झुडपास या ऐन हिंवाळ्यांत फुलें आणून दाखवावींत. म्हणजे ख्रिस्तसभेच्या एका पाद्र्यानेंच येथें चमत्कार मागितला! झुडूप फुललें नाहीं. नांव मात्र २५ मार्च रोजीं कळलें. आपण निष्कलंक गर्भसंभव आहों, असें त्या स्त्रीनें गांवच्या बोलींत सांगितलें. या विषयींचा सिद्धान्त पोप नवव्या पायस यांनीं १८५४ सालीं घोषित केला होता. पण त्या अशिक्षित मुलीस त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि विसरूं नये म्हणून ती वाटेनें ते घोकीत आली. फादर पेरामाल यांचें मन वळलें तें या शब्दांनीं. मागितलेली खूण मिळाली नाहीं, न मागितलेली मिळाली. आमच्या मतें चमत्काराविषयींच्या अर्ध्याअधिक शंकांचें उत्तर या प्रसंगांत आहे.

सरकारी अधिकाऱ्यांनीं मुलीच्या उलटसुलट जबान्या घेतल्या, जून महिन्यांत गुंफेभोंवतीं फळ्या ठोकून ती बंद केली, आणि ती पुन्हां उघडण्यास ऑक्टोबर महिना व सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा हुकूम लागला. नगराध्यक्षांस तर वेगळीच आशा होती. पाण्यांत औषधी क्षार निघाले, तर गांवांत स्नानगृहें उभारून चार पैसे येतील, असा त्यांचा हिशेब! पाणी तपासण्यास तूलूझच्या फियोल नांवाच्या प्राध्यापकांकडे पाठविलें. त्यांनीं त्याच वर्षीं ऑगस्टांत कळविलें कीं, हें पाणी डोंगरांतील इतर कोणत्याहि पाण्यासारखेंच आहे, त्यांत रोग बरा करणारें असें कांहीं नाहीं. नगराध्यक्षांची निराशा झाली असेल. श्रद्धावंतांनीं मात्र हा निकाल ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. लूर्दच्या पाण्यांत गुण नाहीं, असें रसायनशास्त्रानें सांगितलें, आणि ख्रिस्तसभेनेंहि याहून निराळें कधीं सांगितलेलें नाहीं. घरीं बाटलींत तें पाणी ठेवणाऱ्या आमच्या भगिनींस ही गोष्ट कोणीतरी सांगावयास पाहिजे.

तार्बच्या बिशपांचें नांव लोरांस. त्यांनीं २८ जुलै १८५८ रोजीं चौकशीमंडळ नेमलें आणि मग साडेतीन वर्षें मौन धरिलें. भाविकांच्या झुंडी लोटत होत्या, वर्तमानपत्रें कुचेष्टा करीत होतीं. तरी बिशप महाराज बोलेनात. मंडळानें मुलीस विचारलें, साक्षी घेतल्या, बरे झाल्याचें म्हणणाऱ्यांची माहिती गोळा केली, आणि माँपेल्येच्या वैद्यक विद्यालयांतील डॉक्टर व्हेर्झे यांजकडून ती तपासविली. पुष्कळ गोष्टी गळाल्या. अखेर १८ जानेवारी १८६२ रोजीं बिशपांनीं आपलें पत्र प्रसिद्ध केलें: दर्शन खरें मानण्यास श्रद्धावंतांस आधार आहे, आणि सात रोगमुक्तींस मानवी उपायांनीं उलगडा होत नाहीं. त्या सातांत कातरीन लातापी ही शेतकरी बाई होती. झाडावरून पडून तिच्या हाताचीं दोन बोटें वांकडीं होऊन निकामी झालीं होतीं. ती पूर्ण दिवसांची गरोदर असतां १ मार्च १८५८ रोजीं झऱ्यापाशीं आली, हात पाण्यांत घातला, बोटें सरळ झालीं, आणि ती घरीं जाऊन त्याच दिवशीं प्रसूत झाली. झालेला मुलगा पुढें धर्मगुरु झाला.

१८६२ हें साल वसईकरांस आणखी एका कारणानें स्मरणीय आहे. लूर्दचा निर्णय जानेवारींत झाला, आणि त्याच वर्षीं ८ जून रोजीं पोप नवव्या पायस यांनींच नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांस संतपद दिलें. त्यांत वसईचा गोन्सालो गार्सिया होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं त्याला क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारिलें. १६२७ सालीं तो धन्य ठरला, आणि संत ठरावयास आणखी दोनशें पस्तीस वर्षें गेलीं. क्रुसावरून कोणी त्याला उतरविलें नाहीं, भाले बोथट झाले नाहींत. एकाच वर्षांत, एकाच परमगुरूच्या काळांत, एकीकडे बोटें सरळ झालेली शेतकरी बाई आणि दुसरीकडे क्रुसावर प्राण सोडणारा आपला भूमिपुत्र! हीं दोन्हीं चित्रें एकाच भिंतीवर टांगलीं पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.

लूर्दची खरी नवलाई आमच्या मतें यापुढें आहे. १८८३ सालीं डॉक्टर द्युनो द साँ-माक्लू यांनीं तेथें डॉक्टरांची एक कचेरी स्थापिली, आणि त्यांच्यामागून आलेल्या डॉक्टर ब्वासारी यांनीं ती नांवारूपास आणिली. या कचेरीचें दार कोणत्याहि धर्माच्या अथवा कोणताच धर्म न मानणाऱ्या डॉक्टरास मोकळें आहे. कोणी बरा झाला असें म्हणाला, म्हणजे त्याचे पूर्वींचे कागदपत्र मागवावयाचे, रोग खरोखर होता काय हें पाहावयाचें, त्याला परत पाठवून कांहीं वर्षें लक्ष ठेवावयाचें, आणि तरीहि उलगडा होत नसेल, तरच तें प्रकरण पुढें पाठवावयाचें. १९५४ पासून एक आंतरराष्ट्रीय वैद्यकसमिति या प्रकरणांचा फेरविचार करिते. डॉक्टर ‘चमत्कार’ हा शब्द उच्चारीत नाहींत. सध्यांच्या वैद्यकज्ञानानें या रोगमुक्तीचें कारण सांगतां येत नाहीं, एवढेंच ते म्हणतात. पुढचा शब्द त्या रोग्याच्या स्वतःच्या धर्मप्रांताच्या बिशपांचा.

या सगळ्याचा हिशेब काय? बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी तेथें झाल्या. त्यांतून बिशपांनीं चमत्कार म्हणून मान्य केलेल्या, २०२५ सालापर्यंत, केवळ ७२. म्हणजे नोंदलेल्या शंभरांत एकही जेमतेम. एकाहत्तरावी गोष्ट तर एका इंग्रज सैनिकाची. पहिल्या महायुद्धांत जबर जखमी झालेला हा माणूस १९२३ सालीं लूर्दास बरा झाला, आणि लिव्हरपूलच्या आर्चबिशपांनीं ती रोगमुक्ति मान्य केली डिसेंबर २०२४ मध्यें! एकशें एक वर्षांनीं! ज्या संस्थेस भोळ्या लोकांस भुलवावयाचें आहे, ती अशी रेंगाळत नाहीं.

त्या कचेरीस भेट देणाऱ्यांपैकीं दोघांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला हा १८९२ सालीं तेथें गेला. क्षयानें मरणोन्मुख झालेली एक बाई त्याच्या देखत बरी झाली. १८९४ सालीं त्यानें ‘लूर्द’ नांवाची कादंबरी लिहिली. तिच्यांत त्या बाईवरून बेतलेलें पात्र आहे. कादंबरींत ती परतीच्या वाटेवर पुन्हां आजारी पडते आणि मरण तिला गांठतें. प्रत्यक्षांत ती बाई पुढें कित्येक वर्षें हिंडत फिरत होती. कादंबरीकारास कल्पनेचें स्वातंत्र्य आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण चमत्कार मानणारेच तेवढे गोष्टी रचतात, असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानीं ठेवावें.

दुसरे डॉक्टर अलेक्सी कारेल. १९०२ सालीं हे तरुण डॉक्टर, श्रद्धा बहुतेक गमावलेले, रोग्यांच्या आगगाडीबरोबर लूर्दास गेले. गाडींत मारी बाय्यी नांवाची मुलगी पोटाच्या क्षयानें मरणाच्या दारीं होती. तिच्या फुगलेल्या पोटावर झऱ्याचें पाणी ओतलें, आणि कारेल हातांत घड्याळ घेऊन जवळ उभे असतां तें पोट उतरूं लागलें. त्यांनीं पाहिलेलें सांगितलें, आणि ल्यों शहरांतील वैद्यकवर्गाची नाराजी ओढवून घेतली. पुढें ते अमेरिकेंत गेले व १९१२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ही गोष्ट कॅथोलिक पत्रकांतून पुष्कळदां छापून येते. पण तिचा शेवट बहुधा छापला जात नाहीं. तो असा कीं, मारी बाय्यीची रोगमुक्ति ख्रिस्तसभेनें चमत्कार म्हणून कधींच मान्य केली नाहीं. पहिल्या डॉक्टरांनीं मानसिक कारणाची शक्यता पुरतेपणीं तपासली नव्हती, या मुद्द्यावर १९६४ सालीं समितीनें तें प्रकरण बाजूस ठेविलें. नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याची साक्ष पुरेशी ठरली नाहीं! आमच्या कॉलेजांतील तरुण मित्रास आम्हीं हें सांगितलें, तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “हें मला कोणी पूर्वीं कां सांगितलें नाहीं?”

ही कडक रीत लूर्दनें शोधून काढली असें नव्हे. संतपदाच्या चौकशींत श्रद्धेचा संरक्षक म्हणून जो अधिकारी प्रतिकूल बाजू मांडी, त्यास लोक थट्टेनें ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १७३४ ते १७३८ या काळांत प्रॉस्पेरो लांबेर्तिनी या धर्मपंडितानें, जे पुढें चौदावे बेनेदिक्त म्हणून पोप झाले, एक मोठा ग्रंथ छापिला. रोग गंभीर असावा, आपोआप ओसरण्याच्या बेतांत नसावा, औषधाचा गुण आलेला नसावा, बरें होणें एकाएकीं व पूर्णपणें घडावें, आणि रोग उलटूं नये, अशा कसोट्या त्यांत आहेत. स्कॉटलंडच्या ह्यूम या तत्त्वज्ञानें चमत्कारांविरुद्ध आपला प्रसिद्ध निबंध १७४८ सालीं लिहिला. साक्षीचें वजन करा, असें तो म्हणतो. तें वजन करण्याचा तराजू रोमेंत दहा वर्षांपूर्वींच मांडलेला होता. फरक एवढाच कीं, ह्यूमनें पारडें कोणीकडे झुकणार हें आधींच ठरविलें होतें.

त्याच्याहि मागें संत ऑगस्टीन. तारुण्यांत त्यांचें असें मत होतें कीं, प्रेषितांच्या काळचे चमत्कार ख्रिस्तसभा रुजल्यावर थांबले. म्हातारपणीं हिप्पो येथें स्वतः बिशप असतांना त्यांनीं आपलें मत बदललें, बरे झालेल्यांकडून लेखी हकीकती लिहवून घेण्याची चाल पाडली, आणि संत स्तेफानाच्या अवशेषांच्या स्थळीं दोन वर्षें पुरीं व्हावयाच्या आंत अशा सुमारे सत्तर हकीकती जमल्याचें आपल्या ‘देवाचें नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागांत लिहून ठेविलें. पण त्यांचें मुख्य म्हणणें निराळेंच आहे. दररोज बीजापासून अंकुर फुटतो, हें आपणांस रोजचें म्हणून नवल वाटत नाहीं, असें ते वारंवार सांगत.

आतां आपल्या घरचें एक उदाहरण घेऊं, कारण दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यावर बोलणें सोपें असतें. संत फ्रान्सिस झेवियर यांजवर आम्हां पश्चिम किनाऱ्यावरील लोकांची केवढी भक्ति! २०२४ च्या नोव्हेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यांत त्यांच्या पवित्र अवशेषांचें जाहीर दर्शन होतें, तेव्हां आपल्या धर्मग्रामांतूनहि मंडळी गेली होती. समुद्रांत पडलेला त्यांचा क्रूस खेंकड्यानें आणून दिला, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलों. आणि न शिकलेल्या भाषा ते बोलत, असेंहि ऐकत आलों. परंतु त्यांचीं स्वतःचीं पत्रें आजहि उपलब्ध आहेत. त्यांत काय दिसतें? मच्छीमारांच्या किनाऱ्यावर तामिळ भाषा येत नाहीं म्हणून ते अडून बसतात, दोन्ही भाषा जाणणारीं माणसें गांठतात, मोठ्या कष्टानें प्रार्थनांचें भाषांतर करवितात, तें तोंडपाठ करितात, आणि हातांत घंटा घेऊन मुलांस गोळा करीत गल्लोगल्लीं फिरतात. भाषेचें वरदान त्यांस दिलें, कीं त्यांचे हे कष्ट हिरावले जातात. कोणता झेवियर मोठा? आम्हांस घंटा वाजविणारा मोठा वाटतो. खेंकड्याची गोष्ट मुलांस सांगूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पण पत्रांची गोष्ट आधीं सांगावी.

आजच्या काळाविषयीं दोन शब्द. संतपदासाठीं किती चमत्कार लागावे, हा नियम देवाचा नसून ख्रिस्तसभेचा आहे, आणि तो बदलत आला आहे. १९८३ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ती रीत सोपी केली. आपल्या गोव्याचे जोसेफ वाझ, ज्यांनीं लंकेंत डच अमदानींत लपूनछपून श्रद्धा जिवंत ठेविली, त्यांस १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें पोप फ्रान्सिस यांनीं संत म्हणून घोषित केलें, तें दुसऱ्या चमत्काराची वाट न पाहतां. मदर तेरेसा यांस २००३ सालीं धन्य ठरविलें, तेव्हां बंगालमधील एका बाईच्या रोगमुक्तीवरून मोठा वाद झाला. औषधांनीं ती बरी झाली, असें तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीं सांगितलें. चौकशीमंडळाचा निर्णय निराळा पडला. या वादांत आम्ही शिरत नाहीं. परंतु मरणाच्या पंथास लागलेल्यांस रस्त्यावरून उचलून आणणारी ती बाई पोटांतील गांठीच्या निकालावर संत ठरते, अशी समजूत आपल्यांत रुजूं नये, इतकेंच म्हणतों.

मे २०२४ मध्यें रोमहून नवे नियम निघाले. दर्शनें, रडणाऱ्या मूर्ति, वाहणारीं तैलें अशा वार्तांविषयीं यापुढें हें निश्चित दैवी आहे असा निर्णय सामान्यतः बिशप देणार नाहींत. भक्तीस हरकत नाहीं, इथपासून मनाईपर्यंत सहा प्रकारचे निकाल त्यांत सांगितले आहेत. मान्य झालेल्या दर्शनांवरहि विश्वास ठेविलाच पाहिजे, असें बंधन कोणा कॅथोलिकावर नाहीं. लूर्दवर न विश्वासणारा मनुष्यहि चांगला कॅथोलिक असूं शकतो. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची गोष्ट मात्र वेगळी. तिच्यावर आमची सर्व इमारत उभी आहे.

या नियमांची गरज काय, असें कोणी विचारील. २०१२ सालीं मुंबईंत एका क्रुसाच्या पायांशीं पाणी ठिबकूं लागलें. लोक तें पाणी भरून घेऊं लागले. एका बुद्धिवादी गृहस्थानें येऊन पाहिलें आणि जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्यामुळें भिंतींत ओल चढली आहे, असें सांगितलें. तो चमत्कार आहे, असें ख्रिस्तसभेनें जाहीर केलें नव्हतें. तरी आपल्यांतील कांहींजणांनीं त्याच्यावर धर्मभावना दुखविल्याच्या फिर्यादी केल्या, आणि तो गृहस्थ देश सोडून गेला. लांबेर्तिनी आणि ब्वासारी यांच्या वंशजांना हें शोभलें नाहीं. ओल कोठून येते हें पाहण्यास आपणच आधीं प्लंबर बोलवावयास पाहिजे होता.

२०१३ सालीं पुण्यांत डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणें व लोकांस फसविणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. त्या वेळीं आपल्या कांहीं मंडळींस भीति वाटली कीं, संतांच्या कथा सांगणेंहि बंद होईल. तसें नाहीं, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांचें कथन कायद्यानें मोकळें ठेविलें आहे. बाकीच्या भागास भिण्याचें कारण कोणास असावें, हें ज्याचें त्यास ठाऊक.

आतां त्या मातेकडे येतों. मूल आजारी असतांना तिला कोणीतरी एका आरोग्यप्रार्थनेच्या सभेस नेलें. व्यासपीठावरील उपदेशकानें तिला सांगितलें कीं, श्रद्धा पूर्ण असेल तर औषधाची गरज उरत नाहीं. तिनें औषधें थांबविलीं नाहींत. मूल गेल्यावर त्याच सभेंतील एका बाईनें घरीं येऊन तिला म्हटलें, “तुम्ही प्रभूवर अर्धा आणि डॉक्टरवर अर्धा विश्वास ठेवलात.” हें सांगून ती आई आम्हांस म्हणाली, “माझ्या श्रद्धेंत काय उणें होतें, तेवढें मला सांगा.”

आम्ही पंडित नाहीं. आम्हीं तिला पवित्र शास्त्र उघडून दाखविलें. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक रोगी बरे करीत, तो पौल आपला सोबती त्रोफिम यास मिलेत शहरीं आजारी सोडून पुढें गेला. त्याच पौलानें तीमथ्यास पोटाच्या दुखण्यासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें. हात ठेवून बरें केलें नाहीं. स्वतःच्या शरीरांतील कांटा निघावा म्हणून त्यानें तीनदां प्रार्थना केली, आणि कांटा निघाला नाहीं. पौलाची श्रद्धा उणी होती, असें म्हणणारा कोणी व्यासपीठावर असेल तर त्यानें पुढें यावें! सिराखच्या ग्रंथांत वैद्याचा मान राखावा, त्याला परमेश्वरानेंच नेमलें आहे, असा उपदेश आहे. आणि गेथसेमानींत स्वतः प्रभूनें तो प्याला दूर व्हावा अशी विनंती केली, ती कशी पुरी झाली हें आपण दर शुक्रवारीं क्रुसाच्या वाटेवर पाहतों.

शेवटीं बर्नादेतची गोष्ट तिला सांगितली. १८६६ सालीं ती नव्हेर येथील मठांत गेली आणि लूर्दास पुन्हां कधीं परतली नाहीं. तिच्या दर्शनाच्या जागीं मोठें देवालय उभें राहिलें, १८७६ सालीं त्याचा अभिषेक झाला. ती तेथें नव्हती. ती मठाच्या रुग्णालयांत दुसऱ्यांची सेवा करी, आणि पुढें स्वतःच अंथरुणास खिळली. दमा होताच, गुडघ्याच्या हाडांत क्षय शिरला. सारें जग ज्या झऱ्याकडे धांवत होतें, तो तिच्याच बोटांनीं उकरलेला. पण तो आपल्यासाठीं नाहीं, असें ती म्हणे. १६ एप्रिल १८७९ रोजीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं ती मरण पावली. १९३३ सालीं तिला संतपद मिळालें, तें तिनें काय पाहिलें याबद्दल नव्हे. ती कशी जगली याबद्दल.

त्या मातेनें हें ऐकून घेतलें. समाधान झालें असें ती म्हणाली नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं. १९९३ पासून ११ फेब्रुवारी हा दिवस जगभर आजाऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात, आणि आपल्या देवालयांतहि त्या दिवशीं आजारी व वृद्ध मंडळींस पवित्र तैलाचा अभ्यंग होतो. गेल्या खेपेस सकाळीं लवकर आम्ही देवालयांत गेलों, तों ती एकटीच तेथें होती. मागच्या खोलींतून खुर्च्या आणून ती गुंफेसमोर सांवलींत मांडीत होती, आणि चाकाच्या खुर्चीस वाट राहील एवढें अंतर पावलांनीं मोजून ठेवीत होती.